आपला तास कितीचा?

(आचोळे, नालासोपारा पूर्व येथे तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण. बोलले जवळपास तसेच छापले आहे. मधले पाल्हाळ तेवढे कापले.)



सहाला सुरू व्हायची सभा सव्वासातला सुरू होतेय. संयोजकांनी माझी तीनदा माफी मागितली. माफी कसली मागता? अर्धी पोरं अजून गाडीत लोंबकळतायत नि उरलेली स्टेशनाबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत उभी आहेत. आज बोलायचंय ते याच्यावरच. येतील तशी बसतील, जागा करून द्या.

मला विषय कळवला होता, 'राज्याच्या आर्थिक विकास धोरणात वाहतूक नियोजनाचे स्थान'. ऐकूनच जांभई यावी असं नाव. असले विषय मुद्दाम असल्या भाषेत ठेवलेले असतात. पाटलाच्या वाड्यात शिरताना आपल्या बापजाद्यांना वहाणा काढून हातात घ्याव्या लागायच्या, तशी या विषयांच्या उंबऱ्यावर आपल्याला आपली भाषा काढून ठेवावी लागते. मी काही काढणार नाही. मी सरळ विचारतो.

तुमचा एक तास किती रुपयांचा?

हसू नका. याचं उत्तर सरकारी कागदात असतं. रस्ता, पूल, मेट्रो, सागरी सेतू, काहीही बांधायचं झालं की आधी एक फाईल तयार होते. त्या फाईलीत सिद्ध करावं लागतं की एवढा पैसा घालून राज्याचा फायदा काय. एका बाजूला खर्चाचा रकाना, दुसऱ्या बाजूला फायद्याचा. फायद्यात काय काय धरतात? डिझेल वाचलं, टायर कमी झिजले, अपघात कमी झाले. पण मोठा आकडा बहुतेक वेळा दुसराच असतो. लोकांचा वेळ वाचला. आता वेळ काही तिजोरीत ठेवता येत नाही, म्हणून त्याचे रुपये करावे लागतात. रुपये कसे करायचे? ज्याची कमाई जास्त, त्याचा तास महाग. ज्याची कमाई कमी, त्याचा तास स्वस्त.

मी हे मनाचं सांगत नाही. इंडियन रोड्स काँग्रेस नावाची रस्तेवाल्या इंजिनियरांची संस्था आहे, १९३४ सालची. महामार्गाचा आर्थिक हिशेब कसा करायचा याची तिची एक पुस्तिका आहे. देशभरातले कन्सल्टंट ती उघडून बसतात. तिच्यात मोटारीत बसलेल्या माणसाचा तास बसमधल्या माणसाच्या तासापेक्षा महाग धरलाय. किती महाग ते प्रत्येक आवृत्तीत बदलतं, पण क्रम बदलत नाही. मोटारवाला वर, बसवाला खाली. आणि आचोळे रोडनं स्टेशनपर्यंत पायी जाणारा? त्याच्या तासाची बहुतेक फाईलींत नोंदच नसते.

समजा, नुसतं समजा, मोटारवाल्याचा तास ३०० रुपयांचा धरला नि बसवाल्याचा ६० चा. मग एका मोटारवाल्याचा एक तास वाचवला काय नि आपल्या पाच जणांचा एक तास वाचवला काय, कागदावर दोन्ही सारखंच. असं गणित घेऊन बसलात तर पूल कुणासाठी निघेल? यात कुणा अधिकाऱ्याचा हलकटपणा नाही, हे ध्यानात घ्या. तो बिचारा घरी सज्जन असेल, १४ एप्रिलला फोटोला हारसुद्धा घालत असेल. गणित चोख आहे म्हणूनच ते भयंकर आहे.

आता पुढचा प्रश्न. आपली मजुरी कमी का? गटारात उतरणाऱ्याची, झाडू मारणाऱ्याची, दुसऱ्याच्या घरची भांडी घासणाऱ्या आपल्या आयाबहिणींची मजुरी कमी का? बाजारानं ठरवली म्हणतात. बाजाराच्या आधी ती मनूनं ठरवली होती. कुठलं काम कुणी करायचं नि त्याचं किती द्यायचं हे ठरवून झाल्यावर बाजार आला नि त्यानं तेच दर फळ्यावर लिहिले. म्हणजे जातीनं मजुरी ठरवली, मजुरीनं तासाची किंमत ठरवली, नि तासाच्या किमतीनं पूल कुठे बांधायचा ते ठरवलं. एवढ्या पायऱ्या चढून गेल्यावर जात कुठे दिसत नाही. दिसतो तो 'परताव्याचा दर'. तुम्ही मंत्रालयात जाऊन ओरडलात की हा जातिभेद आहे, तर ते खरोखर चकित होतील.

दुसरीकडे सगळीकडे असंच असतं असंही नाही. इंग्लंडात, जिथे अजून राजा बसवलेला आहे, तिथल्या सरकारनं कामाव्यतिरिक्तच्या प्रवासाचा तास, म्हणजे घरून कामावर जाण्यायेण्याचासुद्धा, श्रीमंत-गरीब सगळ्यांचा एकाच किमतीचा धरायची पद्धत कैक वर्षांपासून ठेवलीय. राजाच्या देशात जे जमतं ते प्रजासत्ताकात जमत नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी इशारा दिला होता, की राजकारणात एक माणूस, एक मत, एक मूल्य येईल, पण सामाजिक नि आर्थिक जीवनात एक माणूस, एक मूल्य हे आपण नाकारतच राहू. आपण ते वाक्य पोस्टरवर छापतो. ते रस्त्याच्या फाईलीलासुद्धा लावायचं असतं, हे आपल्या डोक्यात येत नाही.

बाबासाहेब नि वाहतूक म्हटलं की तुम्हाला वाटेल हा माणूस ओढूनताणून आणतोय. अरे, त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. १९०१ साल. लहानगा भीमराव, भाऊ नि बहिणीची पोरं, नवे कपडे घालून आगगाडीनं वडिलांना भेटायला निघाली. मसूर स्टेशनला उतरली. आगगाडीनं जात विचारली नव्हती, स्टेशनमास्तरानं विचारली. पोरं महाराची आहेत कळल्यावर एकही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी तोड निघाली. भाडं दुप्पट द्यायचं, गाडी पोरांनीच हाकायची नि गाडीवान बाजूनं चालणार. रात्री टोलनाक्यावर पाणी मागितलं, तर तिथेही मिळालं नाही. टोलनाका! मला तर तो टोलनाका आठवला की आजच्या महामार्गावरचे सगळे नाके आठवतात.

पुढे १९२९. तोवर ते बॅरिस्टर, डॉक्टर सगळं झालेले. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद. चाळीसगावला उतरले. टांगेवाला महाराला घेऊन टांगा हाकणार नाही म्हणाला. मग वस्तीतल्या माणसांनी टांगा तेवढा मागून घेतला नि ज्याला हाकायची सवय नव्हती असा आपलाच एक जण हाकायला बसला. पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब दगडावर फेकले गेले, पाय मोडला. समितीचं काम अस्पृश्यांची गाऱ्हाणी ऐकायचं, नि समितीच्या सभासदाचाच पाय टांग्यानं मोडला.

या दोन गोष्टींत सगळं आहे. रेल्वे होती, रस्ता होता, पूल होता. बांधकाम पुरं होतं. नव्हतं काय, तर आपल्याला नेणारा माणूस. आणि दुप्पट भाडं.

आगगाडीचं मात्र मी कौतुक करतो. आपल्यातले काही डावे दोस्त म्हणतात रेल्वे ही साम्राज्यवाद्यांनी लुटीसाठी घातली. खरंय. आपली ही लाईन, बी.बी. अँड सी.आय., १८६४ साली गुजरातेतून मुंबईला येऊन भिडली ती गुजरातचा कापूस बंदरावर ओतायला. आपल्याला दादरला सोडायला नव्हे. १८६७ च्या एप्रिलात विरारहून मुंबईला पहिली लोकल सुटली, दिवसाला एक जायची नि एक यायची. पण त्याच डब्यानं गावकुसाबाहेरच्या माणसाला गाव सोडायची वाट दाखवली. येसकरकी, मेलेली ढोरं ओढणं, जोहार घालणं, हे सगळं मागे टाकून माणूस गिरणीत, गोदीत, रेल्वेच्या वर्कशॉपात आला. डब्यात खांद्याला खांदा लागतो. विटाळ पाळायचा तर उतरावं लागेल. म्हणून मी रस्त्याच्या नि रुळाच्या विरोधात नाही. बाबासाहेबही नव्हते. १९४२ ते ४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते तेव्हा वीज, धरणं, जलमार्ग यांच्या नियोजनाला त्यांनीच हात घातला. नियोजन हा त्यांचा विषय होता. आपणच तो सोडून दिला नि जयंतीची मिरवणूक तेवढी धरली.

आता माझ्या बापाचं सांगतो. १९७२ चा दुष्काळ. मराठवाड्यात प्यायला पाणी नाही, खायला मिलो. माझा बाप नि आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे. ऊन असं की हातोडीचा दांडा तापायचा. पोरांना सुकडी मिळायची, मीही खाल्लीय. त्या दुष्काळानं महाराष्ट्राला रोजगार हमी दिली. १९७७ ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून अंमल. शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवून पैसा उभा केला. चांगला कायदा, मी त्याला नावं ठेवणार नाही. त्यातून रस्ते झाले. पण आमच्या गावचा रस्ता कुठवर झाला? पाटलाच्या मळ्यापर्यंत. तिथून पुढे आमची वस्ती अर्धा मैल. तो अर्धा मैल मी गाव सोडेपर्यंत चिखलच होता. ज्यानं खडी फोडली त्याच्या दारात खडी पडली नाही. बाप म्हणायचा, "आपण रस्ता केला नि एसटी त्यांच्या दारात थांबती."

एसटीचंही एक आहे. १ जून १९४८ ला पुणे-नगर पहिली गाडी निघाली. पुढे 'रस्ता तिथे एसटी' म्हणत ती खेड्याखेड्यात गेली. एसटी तोट्यात आहे म्हणून बोंब मारतात. दवाखाना तोट्यात नसतो का? शाळा नफ्यात असते का? तिच्यात बसून पोरी तालुक्याच्या कॉलेजला गेल्या, हा जमेचा रकाना कुणी भरतच नाही.

तर राज्याच्या धोरणात काय झालं ते थोडक्यात बघू. संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर १९६२ ला एमआयडीसी आली, १९६६ ला सिकॉम. उद्योग मुंबई-ठाण्याच्या बाहेर न्यायचे, त्यांना जमीन, रस्ता, पाणी द्यायचं, असं ते धोरण. कागदावर वाईट नव्हतं. १९८४ ला दांडेकर समितीचा अहवाल आला. कुठला जिल्हा कशात मागे पडलाय याचा अनुशेष तिनं काढला, त्यात रस्त्यांचाही अनुशेष होता. समितीशी भांडायला जागा आहे. जिल्ह्याचा अनुशेष काढला, वस्तीचा काढला नाही. जिल्ह्यात रस्ता आला म्हणजे बौद्धवाड्यात आला असं होत नाही, आत्ताच सांगितलं. पण निदान प्रश्न असा होता की, कुठे कमी आहे?

१९९६ ला रस्ते विकास महामंडळ निघालं नि प्रश्नच बदलला. बाजारातून कर्ज काढायचं, रस्ता बांधायचा, टोल लावून फेडायचं. आता विचारतात, कुठून वसूल होईल? जिथून वसूल होईल तिथे आठ पदरी. जिथून होणार नाही तिथे बघू. पुणे एक्स्प्रेसवे, वांद्रे-वरळी सागरी सेतू, समृद्धी महामार्ग, ७०१ किलोमीटर, जून २०२५ ला पुरा झाला. जानेवारी २०२४ ला अटल सेतू खुला झाला, १७ हजार ८४० कोटींचा, एकूण जवळपास २२ किलोमीटर. मोटारीला एका फेरीला २५० रुपये. मोटारसायकलला बंदी, रिक्षाला बंदी. माझा भाचा मोटारसायकलवरून पार्सलं पोचवतो. तो म्हणाला, "मामा, सेतू लांबून मस्त दिसतो." कारण काय, तर सुरक्षितता. असेल. पण सरकारच्या जिवावर बांधलेल्या वाटेवर कुठल्या वाहनानं यायचं नाही, ही पाटी वाचली की मला दुसऱ्या पाट्या आठवतात. १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर बोल्यांनी ठराव आणला, की सरकारी पैशानं बांधलेले, चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असले पाहिजेत. चार वर्षांनी महाडला चवदार तळ्यावर जायचं बळ त्याच ठरावातून आलं. ज्याला सार्वजनिक पैसा लागला ते सर्वांचं. या एका मुद्द्यावर आपली चळवळ उभी राहिली. टोलचा रस्ता या मुद्द्यालाच सुरुंग लावतो. तो म्हणतो, पैसा लागलाय तुमचा, पण वाट ज्याला परवडेल त्याची.

आता आचोळ्यात या.

आपण इथे आलो कसे? कोण परळहून, कोण घाटकोपरहून, कोण थेट बीड-बुलढाण्याहून. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. गिरण्या पुन्हा तशा कधी उभ्या राहिल्या नाहीत, नि गिरणगावातली खोली विकून माणूस लाईनीच्या टोकाला सरकत गेला. इकडे १९८८ साली वसईतली हजारो एकर हिरवी जमीन सरकारनं बांधकामाला मोकळी केली. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी नि हरित वसईवाल्यांनी त्याविरुद्ध लढा दिला. १९९० ला सिडकोला नियोजनाचा अधिकार मिळाला. सिडकोचा आराखडा मंजूर व्हायला २००७ उजाडलं. २००९ ला महानगरपालिका झाली. बघा हं क्रम. जमीन मोकळी झाली १९८८ ला, आराखडा १९ वर्षांनी. त्या १९ वर्षांत बिल्डर झोपला होता काय? चाळी उठल्या, इमारती उठल्या, गटार नाही, रस्ता नाही, नि आपण राहायला आलो. २०११ च्या जनगणनेत या शहरात १२ लाख माणसं होती.

अनधिकृत वस्ती म्हणून आपल्याकडे बोट दाखवतात. पण राज्याच्या धोरणात आपली नोकरी मोजली होती, आपलं अंथरूण मोजलं नव्हतं. अंधेरीला कारखाना पाहिजे, बांद्र्याला ऑफिस पाहिजे, तिथे झाडायला, पुसायला, राखण करायला माणूस पाहिजे. तो झोपणार कुठे? जिथे लोकल संपते तिथे. म्हणजे घराचे जे पैसे आपल्यापाशी नव्हते ते आपण तासांनी फेडतो. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. वर्षाचे ३०० दिवस धरा. १२०० तास होतात, म्हणजे रात्रंदिवस मोजले तर ५० दिवस. वर्षातले ५० दिवस आपण पोलाद धरून उभे असतो. याचा पगार कोण देतो?

आणि अंथरूणसुद्धा गेलं. आपल्याच आचोळ्यात नोव्हेंबर २०२४ पासून फेब्रुवारी २०२५ पर्यंत ४१ इमारती पाडल्या, उच्च न्यायालयाच्या हुकुमानं. जागा सांडपाणी प्रकल्पाला नि कचराभूमीला राखीव होती. अडीच हजारांच्या आसपास कुटुंबं रस्त्यावर आली. आरक्षण होतं हे खरं. खोटी कागदपत्रं करून बिल्डरनं विकल्या हेही खरं. पण ज्यांनी आयुष्यभराची पुंजी घातली ते कुठे गेले? मी विचारत फिरलो. कोण विरारच्या पुढे, कोण नायगावला भाड्यानं, कोण गावी. लाईनीवर आणखी पुढे सरकले. म्हणजे त्यांचे तास आणखी वाढले. हा वाहतुकीचा प्रश्न आहे की घराचा? मला तरी वेगळा करता येत नाही.

माझं स्वतःचं सांगतो. मी अंधेरीला एका कंपनीत हिशेबनीस होतो. नाव घेत नाही. तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापायचे. जुलै २०१८ ला नालासोपाऱ्याला रूळ पाण्यात गेले, आठवतंय ना? गाड्या बंद, घरात गुडघाभर पाणी. तीन दिवसांनी कामावर गेलो तर तिन्ही दिवसांचा पगार कापलेला. साहेबाला म्हटलं, साहेब, रूळ पाण्यात होते. तो म्हणाला, "तुम्ही इतक्या लांब राहता कशाला?" मला राग आला नाही, हसू आलं. राहता कशाला! जणू काही मी समुद्राचा वारा खायला येऊन राहिलोय.

पाणी भरतं ते आभाळ फाटलं म्हणूनच नाही. खाजणात भराव घालून रूळ टाकले, भराव घालून इमारती टाकल्या, पाण्याची वाट बुजली. रुळाखालच्या मोऱ्या किती रुंद पाहिजेत हा वाहतूक नियोजनातलाच प्रश्न आहे. पण मोरीचं उद्घाटन करायला कुठला मंत्री येणार?

गाडीतलं काय सांगू? तुम्हीच सांगाल. बसायला मिळावं म्हणून नालासोपाऱ्याचा माणूस आधी उलटा विरारला जातो. आया भल्या पहाटे डबे करून बोरिवली-कांदिवलीला कामाला निघतात. २०२४ साली मुंबईच्या लोकलमार्गांवर अडीच हजारांच्या आसपास माणसं मेली. त्याच वर्षी जूनमध्ये उच्च न्यायालयानं रेल्वेला सुनावलं, की प्रवाशांना जनावरांसारखं कोंबून नेता याची शरम वाटली पाहिजे. याचिका विरारच्याच एका प्रवाशाची होती. आणि आपण काय करतो? विरार गाडीत बोरिवलीच्या माणसाला चढू देत नाही. दारात ग्रुप करून उभे. पालघर-डहाणूवाला आपल्याशी तसाच भांडतो. श्रेणीबद्ध विषमता म्हणजे काय हे पुस्तकात शोधू नका. आठ-बाराच्या गाडीच्या दारात बघा. तिथे आपणही मनू होतो.

(या ठिकाणी स्टेशनवरून पोरांचा एक घोळका आला. जागा करण्यात काही वेळ गेला.)

या, बसा. तुमच्याचविषयी बोलतोय.

आता नकाशा बघू. बुलेट ट्रेन, ५०८ किलोमीटर. भूमिपूजन सप्टेंबर २०१७, अंदाज एक लाख ८ हजार कोटींचा. महाराष्ट्राच्या तिजोरीतून त्यात ५ हजार कोटींचं भांडवल ठरलं. महाराष्ट्रात स्टेशनं चार, त्यातलं एक विरार. म्हणजे आपल्या शेजारीच. २०१६ ला लोकलसाठी एमयूटीपी-३ मंजूर झाला, सगळा मिळून १० हजार ९४७ कोटींचा. विरार ते डहाणू चौपदरी मार्ग त्यातलाच. २०२५ उजाडलं तरी तो पुरा झाला नव्हता. एका गाडीला जेवढा पैसा, त्याच्या दहाव्या हिश्शात आख्ख्या मुंबईच्या लोकलची एक योजना. शिवाय आपल्या तालुक्यातून मालगाड्यांचा खास मार्ग, मुंबई-वडोदरा द्रुतगती रस्ता, नवघरहून निघणारा अलिबागचा कॉरिडॉर. आणि वर पालघरला वाढवण बंदर, ७६ हजार कोटींचं. जे १९९८ ला डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणानं नाकारलं, त्याला त्याच प्राधिकरणानं २०२३ ला होकार दिला नि ऑगस्ट २०२४ ला भूमिपूजन झालं.

एवढ्या रेषा आपल्या भोवतीनं जातात. यातली कुठली आचोळ्यात थांबते? आपलं काम आता सगळं चर्चगेटकडे राहिलेलं नाही. वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या गाळ्यांत पोरं जातात. भिवंडीच्या गोदामांत जातात. तिकडे बस किती? वसई-दिवा लाईनीवर दिवसाला गाड्या किती? बोटावर मोजा. त्या लाईनीवर लोकल वाढवायला लाख कोटी लागत नाहीत. पण ज्या तासांचा फायदा होईल ते स्वस्त तास आहेत ना!

आपल्यातलीच काही पोरं म्हणतात, बंदर येऊ दे, नोकऱ्या येतील. मी त्यांना मूर्ख म्हणणार नाही. पदवी घेऊन गाळ्यात पॅकिंग करणाऱ्या पोराला बंदर दिसलं तर त्यानं बघू नये काय? पण वाढवणचा कोळी नि तलासरी-डहाणूचा आदिवासी काय म्हणतोय ते आधी जाऊन ऐका. त्याची जमीन, त्याचा समुद्र फायद्याच्या गणितात आपल्या तासासारखाच स्वस्त धरलाय. आणि नोकरी देणार असतील तर किती, कुणाला, कायम की कंत्राटी, हे लेखी मागा. आरक्षण लागतं का ते विचारा. कंत्राटदाराला आरक्षण माहीत नसतं.

या मातीत एक जुनी गोष्ट आहे. आपण सोपाऱ्याला राहतो. १८८२ ला भगवानलाल इंद्रजींनी पलीकडे पश्चिमेला स्तूप उकरला, नि त्याच साली अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा इथे सापडला, आता तो मुंबईच्या म्युझियममध्ये आहे. त्या लेखात काय आहे? राजे शिकारीला, मौजेला फिरायचे, ते बंद करून अशोक धम्मयात्रेला निघाला, नि त्यात खेड्यापाड्यातल्या माणसांची भेट घेणं होतं. सोपारा तेव्हा मोठं बंदर, इथून माल नाणेघाटानं जुन्नरला, पैठणला जायचा. बंदर होतं, व्यापार होता, नि तिथल्या दगडावर राजानं कोरलं की प्रवास माणसांना भेटायला करायचा. ज्यांना वाटतं विकास नि माणूस एकत्र नांदत नाही, त्यांना तो तुकडा दाखवून आणा.

मग करायचं काय? नुसत्या घोषणांनी फाईल हलत नाही, नि नुसत्या अर्जांनीही नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चा. आराखडा प्रसिद्ध झाला की त्यात हरकती नि सूचना घ्याव्याच लागतात. मुदत मोजकीच असते. बिल्डरचा वकील पहिल्या दिवशी अर्ज देतो, आपल्याला मुदत संपल्यावर कळतं. पुढच्या आराखड्याला आपल्या हजार हरकती तयार पाहिजेत. आणि हरकतीत लिहायचं, की प्रत्येक प्रकल्पाच्या हिशेबात सगळ्यांचा तास एकाच किमतीचा धरा. मग गणित पुन्हा मांडा नि बघा काय निघतं. बहुतेक लोकल निघेल, बस निघेल, फूटपाथ निघेल, मोरी निघेल. सेतू निघाला तर निघू दे, माझी ना नाही.

पण त्याआधी आपल्याकडे आपले आकडे पाहिजेत. आचोळे रोडनं पहाटे किती माणसं पायी स्टेशनला जातात, त्यात बायका किती, ओझं घेऊन किती, कुठल्या गल्लीतून येतात, हे आपणच मोजायचं.

येत्या सोमवारी पहाटे साडेचारला नालासोपारा पूर्वेच्या जिन्याखाली जमायचं. दोन-दोन जणांची जोडी. एक जोडी जिन्याखाली, एक रिक्षा स्टँडला, एक तळ्याजवळ, एक आचोळ्याच्या नाक्यावर. पावणेआठपर्यंत थांबायचं, मग ज्याला कामावर जायचंय त्यानं जायचं. पोरींची जोडी बायकांच्या डब्यापाशी पाहिजे, त्यांना मावश्या खरं सांगतील. प्रत्येकीला एकच विचारायचं, किती वाजता उठलात नि किती वाजता परत घरात पाय टाकता. वह्या मी आणतो. पेन ज्याचा त्यानं आणा. नि लेट मार्क लागणार असेल त्यानं आत्ताच नाव सांगा, त्याला पहिल्या पाळीत घालू.